खेपा

कंपनी सोमवारी बंद. पूल झालाय,
आता फेरीबोटीसाठी कोण थांबतंय.
तिकिटांच्या नोंदी तेवढ्या काढून द्यायच्या,
एकवीस वर्षांच्या, सगळ्या.
बंदर खात्याला हव्यात. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

ओयार्सून म्हणाला, त्यात काय, एकदम सगळं माग.
मागितलं.
वाल्दिवियाचं यंत्र दीड मिनिट गप्प राहिलं
आणि आडवं झालं.
त्याच्या पाठोपाठ पुंता अरेनासचं.
ओयार्सून जॅकेट चढवून सिगारेट ओढायला गेला
तो आलाच नाही.

बाबा आंकुदच्या बाजूला धक्क्यावर गाड्या चढवायचे.
एका खेपेत बावीस. बटाट्याचा ट्रक असला तर एकोणीस.
तेविसावा हॉर्न वाजवायचा, शिव्या द्यायचा,
लग्नाला जायचंय म्हणायचा, बायको अडलीय म्हणायचा.
(बायको खरंच अडलेली असली तर बाबा एक गाडी मागे घ्यायला लावायचे.)
बाकीच्यांना फक्त पंजा दाखवायचा :
पुढची खेप.

म्हणून पाच हजार.
पाच हजार ओळी घ्यायच्या, फाइलीत उतरवायच्या,
आणि शेवटच्या ओळीपाशी यंत्र जी खूण हातात देतं
ती जपायची.
वाचता येत नाही ती. कीबोर्डवरून मांजर गेल्यासारखी अक्षरं.
पण परत दिली की त्याला आठवतं
आपण कुठं थांबलो होतो.

ओळी तारखेनं येत नाहीत, नावानंही नाही.
फेरीच्या क्रमांकाचं पीठ दळायचं,
जो आकडा पडेल ती तिची वर्तुळावरची जागा.
त्यामुळे एका ईस्टरच्या गर्दीला लागून
सात वर्षांनंतरचा कुठलातरी ओला मंगळवार,
आणि सकाळी गेलेली बाई एका शहरातल्या यंत्रावर,
संध्याकाळी परतलेली तीच बाई दुसऱ्या.

पावणेतीनला अडलं.
पाच हजार : उत्तर नाही. हजार : नाही.
शंभर.
दहा.

एका फेरीत नुसती थडगी होती.
पुसलेली ओळ लगेच जात नाही,
तिच्या जागी एक दगड राहतो, इथं होती असा,
नंतर कुणी साफसफाई करीपर्यंत. आमच्याकडे कुणी केली नाही.
यंत्र एकेक दगड ओलांडून बघत होतं
पलीकडे जिवंत कुणी आहे का.

जूनमधली फेरी. मला माहीत होती.
तीन दिवस वादळ, एकच फेरी पुढे ढकलत नेलेली,
चार वेळा भरली, चार वेळा पुसली.
बाबा तीन दिवस धक्क्यावर पंजा दाखवत उभे
आणि पुढची खेप नव्हतीच.
घरी आले तेव्हा पाव मोडायलाही तो हात उचलेना.

दहा दहानं गेले.
रिकामं पान. पुन्हा रिकामं.
नवखा इथं उठतो, संपलं समजून.
पण रिकाम्या पानाखालीही खूण होती,
आणि खूण मिळतेय तोवर उठायचं नसतं.
चौदा रिकाम्या पानांनंतर एक ओळ आली. एकच.
प्रौढ एक, सायकल एक. हर्मोखेनेस वेरा.
तिकीट रद्द करायला विसरला असेल,
किंवा बोट निघेल असं त्याला वाटत राहिलं असेल.

साडेसहाला शेवटची खेप, तीनशे अकरा ओळींची,
आणि खुणेच्या जागी काही नाही.
हत्ती गेला, शेपूट राहिलं :
मोजणीत सतरा जास्त भरल्या.
मध्ये जोडणी तुटली होती, तेव्हा दोनदा चढलेल्या.
त्या हुडकून उतरवल्या. कॉफी गार.

मग बाबांना फोन केला. जागेच होते.
सगळ्या चढल्या का, म्हणाले.
सगळ्या.
वेरा म्हणून कुणी आठवतो का, विचारलं,
त्या जूनमधला, सायकल घेऊन आलेला.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला, त्यांच्या खिडकीतला.
सायकली मी मोजायचो नाही, म्हणाले.
त्या कुठंही मावतात.